लाटण्याचा हात, वाडग्याचा हिसका : पेठ रोडवरच्या एका लेथचं प्रकरण

यातल्या काका-पुतण्याला मी जवळून ओळखतो. त्यांच्या संमतीनं हे लिहितो आहे, म्हणून नावं आणि दुकानाची खूण काढून टाकली आहे. मापं, हत्यारं आणि घडलेला क्रम मात्र जसाच्या तसा ठेवला आहे. मी नाशिकच्या सातपूरला टूलरूममध्ये नोकरी केली, आणि निवृत्तीनंतर घरच्या छोट्या लेथवर लाकूड कातत असतो. वाडगा कोरताना पुतण्याला अपघात झाला त्या संध्याकाळी काकांनी मला बोलावलं, ते एवढ्याच ओळखीवर.

पार्श्वभूमी

पंचवटी ओलांडून पेठ रोडला लागलं की एका पत्र्याच्या शेडमध्ये हे कातकामाचं दुकान आहे. काका साठीच्या घरात आहेत. तीस वर्षं त्यांच्या हातून निघालेला माल म्हणजे लाटणी, ताकाच्या रव्या, पाळण्याचे आणि देव्हाऱ्याचे खांब, जिन्याच्या कठड्याचे दांडे. सगळा लांबट, दोन टोकांत धरून फिरवायचा. पोळपाटही करतात, पण पोळपाटाला आतून कोरायचं काही नसतं. कड गोल करायची, तोंड साफ करायचं आणि खाली तीन पाय ठोकायचे.

लेथ जुना, बिडाचा, दणकट. मोटर १ एचपीची. तीन टप्प्यांच्या पुलीवर पट्टा सरकवला की मिनिटाला साधारण ९००, १४४० आणि २२०० असे फेरे मिळतात. लाटण्यासाठी पट्टा कायम सर्वांत वरच्या वेगाला. खालचा टप्पा वर्षानुवर्षं वापरलाच नव्हता. तिथल्या खाचेत भुशाचा थर बसला होता.

हत्यारांचं सांगायलाच हवं, कारण पुढचं सगळं त्यांच्यावरून घडलं. ठोकळ्याचे कोपरे काढून गोल करायची मोठी गोल पटाशी, दोन तिरप्या धारेच्या सपाट पटाश्या, एक पातळ कापणी, आणि जुनी कानस घासून काकांनी स्वतः केलेलं एक खरवडायचं हत्यार. गोल पटाशी लोहाराकडून घडवून घेतलेली. पुढे रुंद पन्हळीसारखी, मागे चपटी होत गेलेली, आणि मुठीत शिरणारी शेपटी जेमतेम करंगळीएवढी.

गणपतीच्या सुमारास द्राक्षबागांच्या भागातल्या एका पर्यटन निवासाकडून काम आलं. आंब्याच्या लाकडाचे चाळीस वाडगे, १० इंच व्यासाचे, ४ इंच खोल, दिवाळीच्या आधी हवेत. एका वाडग्याचे पैसे डझनभर लाटण्यांपेक्षा जास्त मिळणार होते. पुतण्याचं वय तेवीस. दुकानात काहीतरी नवं व्हावं असं त्याला फार वाटायचं. दिंडोरीकडच्या एका शेतातला जुना आंबा तोडला गेला होता, त्याचे ओंडके वखारीतून आणले. आगाऊ रक्कम घेतली.

घटना

दसरा होऊन चार दिवस झाले होते. अकरा वाडगे बाहेरून कातून ठेवले होते आणि बारावा आतून कोरायचा होता. तो आदल्या संध्याकाळी चकात, म्हणजे लाकूड जबड्यांत पकडून फिरवणाऱ्या भागात, धरला आणि रात्रभर तसाच राहिला. सकाळी चावी फिरवून चक पुन्हा आवळला नाही. पट्टा मधल्या टप्प्यावर, म्हणजे १४४० फेऱ्यांना.

पुतण्या गोल पटाशीनं आत कोरत होता. पहिल्या दोन इंचांत तीनदा छोटे हिसके बसले. पटाशी हातात थरथरली, लाकडावर खड्डा पडला, आणि त्यानं पुढे चालू ठेवलं. त्यानं काकांना विचारलंही, "काका, सारखी उडतेय पटाशी." काका पलीकडे लाटण्यांना पॉलिश करत होते. म्हणाले, "अरे, आंबा आहे, रेषा उलटसुलट असणारच. घट्ट धर." काकांच्या जागी असतो तर मीही कदाचित हेच म्हणालो असतो, कारण लाटण्यावर हा सल्ला बरेचदा चालून जातो.

चौथा हिसका मोठा होता. पटाशीचा कोपरा लाकडात घुसला, पुढचं टोक खाली ओढलं गेलं आणि मूठ वर उडाली. डाव्या हाताचा अंगठा पटाशी आणि टूल रेस्ट, म्हणजे हत्यार टेकवायची आडवी पट्टी, यांच्यात चेंगरला. पटाशीची शेपटी मुठीच्या तोंडाशी वाकली. वाडगा चकातून निसटला, वरच्या पत्र्यावर आपटला, आणि खाली येताना पुतण्याच्या उजव्या गालफडाला घासून गेला. तोंडावर काहीही नव्हतं. लेथ फिरतच होता, कारण बटण चकाच्या मागच्या भिंतीवर होतं. बंद करायला काकांना फिरत्या चकाच्या बाजूनं हात घालावा लागला.

अंगठ्याचं हाड मोडलं, नख गेलं, गालाला पाच टाके पडले. डोळा बोटभर अंतरानं वाचला.

नेमकं कशामुळे झालं

संध्याकाळी मी गेलो तेव्हा शेडमध्ये काही हलवलेलं नव्हतं. काकांनी मुद्दाम तसंच ठेवलं होतं, आणि त्यांचे मी मनापासून आभार मानले. मोडलेलं हत्यार, लाकडाचा तुकडा आणि रेस्टची जागा जशीच्या तशी दिसली तर निम्मं उत्तर तिथंच मिळतं.

आधी हिसका म्हणजे काय ते सांगतो. इंग्रजीत त्याला कॅच म्हणतात. गोल बुडाची पटाशी टूल रेस्टवर एका बिंदूवर टेकलेली असते. लाकूड वरून खाली येत धारेवर दाब देतं. धार जिथं कापते तो बिंदू टेकलेल्या बिंदूच्या नेमका वर असेल तर सगळा दाब सरळ रेस्टमध्ये उतरतो आणि हाताला फारसं काही धरावं लागत नाही. धारेचा कोपरा बाजूला लागला तर तोच दाब पटाशीला पिळ देतो. पिळली की धार आणखी आत जाते, आत गेली की जास्त पिळते. हे सेकंदाच्या फार छोट्या भागात होतं. घट्ट धरणारा हात त्या वेगाशी स्पर्धा करू शकत नाही.

हे टाळायची एकच भरवशाची रीत आहे. पटाशी आधी रेस्टवर टेकवायची, मग धारेमागचा तिरपा भाग, म्हणजे बेव्हल, फिरत्या लाकडाला नुसता घासू द्यायचा, आणि त्यानंतर मूठ हळूच वर उचलत धार कापायला लावायची. बेव्हल घासत असला की धार किती आत जाईल यावर आपोआप मर्यादा येते.

मोठी गोल पटाशी वाडग्यात का चालत नाही, हे यावरूनच कळतं. तिला दोन्ही बाजूंना उभे कोपरे असतात. लाटण्यावर ते हवेत राहतात. वाडग्याच्या आतल्या वळणावर मात्र एक ना एक कोपरा लाकडाला लागतोच. शिवाय ती पट्टीपासून घडवलेली असते, म्हणून मुठीत जाणारी शेपटी बारीक. वाडग्यासाठी वापरायची बाउल गाऊज गोल सळईत खाच पाडून केलेली असते, आणि तीच जाड सळई मुठीत खोल शिरते. काकांचा प्रश्न अगदी प्रामाणिक होता : "भाऊ, गोल करायची पटाशी आहे, आणि करायचंय पण गोलच. मग चुकलं काय?" हत्याराचं नाव आणि त्याचं काम यांच्यातली ही फट त्यांना तीस वर्षांत कधी भेटलीच नव्हती.

दुसरी गोष्ट लाकडाच्या रेषांची. लाटण्यात रेषा लेथच्या आसाला समांतर धावतात. वाडग्यात त्या आडव्या असतात. म्हणजे प्रत्येक फेऱ्यात धारेसमोर दोनदा रेषांची कड येते आणि दोनदा रेषांची टोकं. १४४० फेऱ्यांना हा बदल मिनिटाला साडेपाच हजारांहून जास्त वेळा होतो. आणि काकांच्या हाताला सर्वांत पक्का झालेला नियम म्हणजे मोठ्या व्यासाकडून लहान व्यासाकडे उतरत कातायचं. वाडग्याच्या बाहेरच्या अंगाला तो नियम उलटतो. तिथं बुडाकडून कडेकडे जावं लागतं. आतून मात्र कडेकडून मध्याकडे. बाहेरून कातलेल्या अकराही वाडग्यांवर मला उपटलेल्या रेषांचे पट्टे दिसले. हात कसबी होता, तरीही पट्टे होते. कसब दुसऱ्या कामाचं होतं, आणि तेच मला सर्वांत गंभीर वाटलं. नवशिक्या माणूस घाबरून हळू जातो. तीस वर्षांचा हात आणि त्याच्याकडून शिकलेला पुतण्या आत्मविश्वासानं जातात.

तिसरी गोष्ट रेस्टच्या अंतराची. रेस्ट सरळ होता आणि वाडग्याच्या तोंडासमोरच राहिला होता. कोरत कोरत आत गेल्यावर पटाशीचं टोक रेस्टच्या पुढे ८ सेंटीमीटर बाहेर आलं होतं. मागे हाताकडे ४० सेंटीमीटर. म्हणजे टोकाला ५० किलोचा झटका बसला तर मुठीवर १० किलोचा भार येतो. हाच झटका टोक २ सेंटीमीटर बाहेर असताना बसला, तर मुठीवर अडीच किलो. हे गणित मी भिंतीवर खडूनं मांडलं तेव्हा काका बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिले.

चौथी गोष्ट वेगाची. लाकूड कातणाऱ्यांत एक ढोबळ नियम चालतो : इंचातला व्यास गुणिले मिनिटाचे फेरे हा आकडा ६००० ते ९००० च्या दरम्यान असावा. १० इंचांच्या वाडग्याला ६०० ते ९०० फेरे. ठोकळा ओबडधोबड असेल तर त्याहूनही कमी. १४४० फेऱ्यांना आकडा १४,४०० होतो. वाडग्याची कड तेव्हा ताशी ६९ किलोमीटरच्या आसपास धावत असते. पूर्ण ठोकळ्याचं वजन सव्वातीन किलो धरलं, तर त्यात साठलेली ऊर्जा तोच ठोकळा तीन मजल्यांवरून खाली टाकण्याइतकी. वेग निम्मा केला की ही ऊर्जा चौथाईवर येते.

आणि पाचवी, चकाची. वाडग्याच्या बुडाशी चकात धरायला जो गोल खुंट ठेवतात, त्याला टेनन म्हणतात. तो जबड्यांच्या खोलीपेक्षा किंचित आखूड हवा, म्हणजे वाडग्याचा खांदा जबड्यांच्या तोंडावर घट्ट बसतो. इथं टेनन लांब होता. तो चकाच्या तळाला टेकला आणि खांदा अधांतरी राहिला. शिवाय लाकूड अर्धओलं. रात्रभरात टेनन आकसला आणि पकड ढिली पडली. ओला आंबा खरं तर जाड भिंतीचा कातून काही महिने सुकत ठेवायचा आणि मग पुन्हा कातून पूर्ण करायचा असतो. भिंतीची जाडी व्यासाच्या दहाव्या भागाइतकी ठेवतात. दिवाळीच्या तारखेत हे बसतच नव्हतं.

या पाच कारणांना मी सारखं वजन देत नाही. हिसका बसला तो हत्यारामुळे आणि रेस्टच्या अंतरामुळे. वाडगा उडाला तो टेननमुळे. उडाल्यावर किती जोरात आला ते वेगानं ठरवलं. आणि तोंडाला लागला, कारण पुतण्या वाडग्याच्या फिरण्याच्या पट्ट्यात उभा होता आणि चेहऱ्यावर शील्ड नव्हतं.

समोर असलेले पर्याय

पुतण्या घरी होता, अंगठा प्लास्टरमध्ये. दिवाळीला जेमतेम दोन आठवडे. काका, काकू, पुतण्या आणि मी असे चौघं बसलो.

काकूंचं म्हणणं सरळ होतं : पैसे परत करा, वाडगे नकोत. ही गोष्ट मी शेवटपर्यंत नाकारली नाही. दुकानाची हत्यारं, वेग आणि सराव यातलं काहीच वाडग्यासाठी तयार नसताना काम सोडणं हा पूर्ण शहाणपणाचा पर्याय होता. अडचण एवढीच की आगाऊ रक्कम लाकडात आणि चकात गेलेली होती.

दुसरा पर्याय, उरलेले वाडगे बाहेर कोणाकडून करून घेणं. काकांनी दोन-तीन ठिकाणी विचारलं. सगळे त्यांच्यासारखेच लाटणी-खांबांवाले. काम त्यांच्याकडे देणं म्हणजे तोच धोका दुसऱ्या शेडमध्ये पाठवणं. काका स्वतःच म्हणाले, "दुसऱ्याच्या पोराचा अंगठा नको."

तिसरा पर्याय पुतण्यानं सुचवला. कार्बाइडच्या बदलायच्या टोकांची हत्यारं मिळतात, त्यांना धार लावावी लागत नाही. ती चांगली असतात. सपाट धरायची, रेस्टवर आडवी, बेव्हलची भानगड नाही. पण रेस्ट लांब ठेवला तर तीही घुसतात, आणि उलट्या रेषेवर खरवडल्यासारखा पृष्ठभाग सोडतात. मी म्हटलं, शिकण्यासाठी एक घ्या, पण त्यानं प्रश्न सुटला असं समजू नका.

चौथा पर्याय मला पटला होता, आणि मी तो मांडला. मालच बदलायचा. ४ इंच खोलीऐवजी दीड-पावणेदोन इंचांचे पसरट वाडगे. खोली कमी झाली की रेस्ट धारेजवळ आणता येतो. अर्धओल्या लाकडालाही उथळ आकारात तडे कमी जातात. ग्राहकाला स्पष्ट सांगायचं : चाळीस होणार नाहीत, आणि खोल होणार नाहीत.

या बैठकीत एक मुद्दा मी ताणून धरला. काकूंनी बाजारातून जाड कापडी हातमोजे आणले होते. पुतण्यासाठीच, काळजीनं. फिरत्या लेथवर हातमोजा घालायचा नाही. मोज्याचा धागा चकाच्या जबड्यात अडकला की मोजा हातासकट आत ओढला जातो. ते समजावताना माझं लक्ष त्याच्या उजव्या मनगटावरच्या लाल दोऱ्याकडे गेलं. वणीच्या गडावरून आणलेला, दोन-तीन वेढे आणि लोंबते शेवट. तो काढायला सांगणं मला जड गेलं. काकूंनीच मार्ग काढला. दोरा दंडावर बांधला, बाहीच्या आत, शेवट खोचून. हाताची अंगठी मात्र त्याच दिवशी उतरली.

काय केलं

ग्राहकाकडे काका स्वतः गेले. फोनवर न सांगता प्रत्यक्ष गेले, सोबत पसरट आकाराचा एक नमुना नेला. ग्राहकानं चोवीस वाडगे आणि दिवाळीनंतरची तारीख मान्य केली. आगाऊ रकमेतला काही भाग परत द्यावा लागला.

शेडमध्ये पहिला आठवडा एकही वाडगा कातला नाही. बटण भिंतीवरून काढून लेथच्या पायाशी, उभं राहण्याच्या जागेजवळ आणलं, लाल, मोठ्या डोक्याचं, गुडघ्यानंही दाबता येईल असं. पट्टा खालच्या टप्प्यावर घेतला. पण ९०० हा ओबडधोबड ठोकळ्यासाठी अजूनही जास्त होता. म्हणून मोटरच्या टोकाला लहान पुली बसवून सर्वांत खालचा वेग ६०० च्या आसपास आणला. पूर्ण चेहरा झाकणारी दोन शील्ड घेतली. नुसता चष्मा डोळे वाचवतो, गाल आणि दात नाही. बाउल गाऊज एकच घेतली, एचएसएसची, म्हणजे हाय स्पीड स्टीलची, अर्ध्या इंचाची. कानशीचं हत्यार रॅकवरून काढून टाकलं. कानस कडक असते तशी ठिसूळही असते, झटक्यानं तिचे काचेसारखे तुकडे होऊ शकतात. काकांनी ते वीस वर्षं वापरलं होतं. त्यांना ते टाकायला सांगताना मी घाई केली नाही. दुसऱ्या दिवशी गेलो तेव्हा ते तिथं नव्हतं.

मग सराव, आणि या भागावर मी सर्वांत जास्त वेळ दिला. लेथची पिन सॉकेटमधून काढून टाकली. चकात आंब्याचा एक वाया गेलेला तुकडा. काका हातानं चक फिरवणार, पुतण्या उजव्या हातानं गाऊज धरणार, डावा अंगठा प्लास्टरमध्ये असल्यामुळे नुसतं बघून शिकायचं जास्त. मी मुद्दाम पटाशी चुकीची धरायला सांगितलं : कोपरा लावा. चक हळू फिरला, कोपरा रुतला, आणि पटाशी हातात पिळली गेली. इतक्या हळू की दोघांनाही सगळं डोळ्यांना दिसलं. मग बेव्हल घासून, मूठ उचलून. पातळ, अखंड ढलपी निघाली. तीच क्रिया पंधरा-वीस वेळा. काका थांबून म्हणाले, "लाटण्यावर हिसका बसला की वेढ्यावेढ्यांची रेघ पडते, आणि लाटणं सरपणात जातं. एवढंच. इथं तो कुठून येतो ते आज दिसलं."

वाडग्याची कड ओलांडून आत शिरणं, ही जागा वेगळी शिकवली. तिथं बेव्हलला टेकायला काहीच नसतं, म्हणून गाऊज बाहेर घसरते आणि कडेवर रेघ मारते. गाऊजचं तोंड मधल्या बाजूकडे वळवून, खाच जवळजवळ आडवी झाकून, आधी छोटा चर पाडायचा. चर पडला की बेव्हलला आधार मिळतो. खरवडायच्या हत्याराचा नियमही दाखवला. मूठ वर, धार किंचित खाली झुकलेली. वाडग्याच्या आत धार मध्याच्या रेषेवर किंवा किंचित वर, म्हणजे ती दबली तर मोकळ्या जागेत जाते, लाकडात घुसत नाही.

दुसऱ्या आठवड्यात काकांनी स्वतः, वीज चालू करून, सर्वांत खालच्या वेगाला पहिला पसरट वाडगा कातला. लेथ सुरू करण्याआधी चक आवळायचा, वाडगा हातानं पूर्ण एक फेरा फिरवून रेस्टला लागत नाही ना बघायचं, आणि बटण दाबताना वाडग्याच्या फिरण्याच्या पट्ट्यातून बाजूला उभं राहायचं. शक्य असेल तोवर टेलस्टॉकचा, म्हणजे चकासमोरून लाकडाला टेकणाऱ्या भागाचा, आधार काढायचा नाही, मध्ये थोडा खुंट शिल्लक राहिला तरी चालेल. पॉलिश पेपर लावताना रेस्ट काढून बाजूला ठेवायचा, नाहीतर बोट मध्ये सापडतं.

परिणाम

चोवीसपैकी एकोणीस वाडगे गेले. तीन सुकताना तडकले, एकाच्या बुडाला बुरशीनं मऊ पडलेला पट्टा निघाला, एकावर काकांच्या हातून हिसका बसला. तो हिसका मी पाहिला. रेस्ट जवळ होता, वेग कमी होता, गाऊज पिळली, आणि लाकडावर नखाएवढा खड्डा पडला. वाडगा चकातच राहिला. काकांनी लगेच लेथ थांबवला, धार पाहिली, ती बोथट झाली होती. धार लावून पुन्हा सुरू केलं. चौथ्या हिसक्याची वाट बघायची नाही, हे त्या दिवशी न बोलता पाळलं गेलं.

पैशांचा हिशोब तोट्यात गेला. हत्यारं, शील्ड, पुली, परत दिलेली रक्कम आणि औषधोपचार धरून त्या महिन्याचं उत्पन्न लाटण्यांवरच निघालं. पुतण्याचा अंगठा सहा आठवड्यांनी मोकळा झाला. वरचं पेर पूर्ण वाकत नाही. थंडीत पकड सैल होते, असं तो म्हणतो.

वेगळं काय करता आलं असतं

निर्णयाच्या खऱ्या जागा हिसक्याच्या क्षणापासून बऱ्याच मागे होत्या. पहिली गणपतीत, काम स्वीकारताना. तेव्हा एकच वाडगा करून पाहिला असता, एकच, तर हत्यार कोपऱ्यावर घुसतं हे पहिल्याच दिवशी कळलं असतं आणि तारीख मागून घेता आली असती. चाळीसचा आकडा ठरला त्या वेळी एकही कातून झालेला नव्हता.

दुसरी जागा अकराव्या वाडग्याची. अकरा वाडगे बाहेरून कातले, आणि सगळ्यांवर उपटलेल्या रेषा होत्या. लाकूड तिथं स्पष्ट सांगत होतं की दिशा चुकते आहे. काकांनी ते पाहिलं होतं. पॉलिश पेपरनं जाईल, असं ठरवलं. ते गेलंही असतं, आणि म्हणूनच कोणी थांबलं नाही.

तिसरी, त्या सकाळची. तीन छोटे हिसके आणि पुतण्यानं विचारलेला प्रश्न. मला विचाराल तर हा सर्वांत महत्त्वाचा क्षण. पोरानं बरोबर वेळी बरोबर तक्रार केली होती. तेव्हा "घट्ट धर" ऐवजी "थांब, बंद कर, मला बघू दे" असं उत्तर मिळालं असतं, तर काकांना रेस्टच्या पुढे ८ सेंटीमीटर आलेली पटाशी दिसली असती. इतका अनुभवी डोळा ते चुकवणार नाही. काकांनी हे स्वतः माझ्याकडे बोलून दाखवलं. तेव्हा ते रडले, आणि मी काही बोललो नाही.

माझ्याही चुका आहेत. गणपतीत काका मला रविवार कारंज्याजवळ भेटले होते आणि वाडग्यांचं काम घेतलं म्हणून आनंदानं सांगितलं होतं. मी अभिनंदन केलं. कोणत्या हत्यारानं करणार, एवढं विचारलं नाही. नंतर सराव घेताना प्लास्टरमधल्या पुतण्याला पहिल्याच आठवड्यात लेथजवळ उभं करायला नको होतं, तो दोन-तीन आठवडे घरी बसून शिकला असता तरी चाललं असतं. आणि लहान पुलीनं वेग खाली आणला तेव्हा पट्ट्याची मोटरच्या पुलीवरची पकड कमी झाली. पट्टा घसरायला लागला. तो ताणण्याची सोय मी नंतर केली, आधी करायला हवी होती.

आता पुतण्या लेथवर परत आला आहे. बाउल गाऊजच्या सळईवर त्यानं रेस्टपासून पुढे किती यायचं त्याची खूण म्हणून लाल टेप गुंडाळला आहे, आणि मधल्या टप्प्यावर पट्टा न्यायचा असेल तर काकांना हाक मारून सांगतो. पर्यटन निवासाच्या मालकांनी पुढच्या हंगामासाठी १२ इंचांचे खोल वाडगे होतील का, असं विचारलं आहे. काकांनी अजून उत्तर दिलेलं नाही. वखारीतून आंब्याचे सहा ठोकळे आणून, जाड भिंतीचे कातून, त्यांच्या टोकांना मेण लावून त्यांनी शेडच्या माळ्यावर सुकायला ठेवले आहेत. तारीख त्यावर खडूनं लिहिली आहे.